थरथरणारा प्लँक, आंबलेले अंग: ताकदीच्या व्यायामात टिकून राहण्याची रीत

ताकदीचा व्यायाम आणि अस्वस्थता यांची फारकत करता येत नाही. स्नायूवर त्याच्या सवयीपेक्षा जास्त भार पडला तरच तो बळकट होतो, आणि असा भार शरीराला जाणवल्यावाचून राहत नाही. सुरू केलेला व्यायाम सुटतो तो अनेकदा याच जाणिवेपाशी. ही जाणीव मात्र एकजिनसी नसते. सेट चालू असताना होणारी जळजळ, शेवटच्या रेप्सना (आवर्तनांना) लावावा लागणारा जोर, हातापायांची थरथर, दुसऱ्या दिवशी आंबलेले अंग आणि सांध्यात उठणारी सणक या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी, टिकण्याचा काळ वेगळा आणि त्यांवरचे उपायही वेगळे. वर्षानुवर्षे व्यायाम करणारी माणसे इतरांहून जास्त सोसतात असे नाही. काय सोसायचे, किती सोसायचे आणि कुठे थांबायचे हे त्यांना कळलेले असते. उमेद टिकते ती या ओळखीवर आणि व्यायामाच्या नेटक्या आखणीवर.

प्लँकमधले एक मिनिट

कोअर म्हणजे पोटावर दिसणारे सिक्स पॅक, हा समज अपुरा आहे. पोटाचा पुढचा उभा स्नायू, बाजूचे तिरके स्नायू, सर्वांत आत पट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू, कण्यालगतचे लहान-मोठे स्नायू, वरच्या बाजूला श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ, हे सगळे मिळून कोअर होतो. कणा स्थिर धरणे हे त्याचे मुख्य काम. पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ साली दाखवले की, निरोगी माणूस झटकन हात वर करतो तेव्हा हात हलण्याच्या आधीच पोटाचा खोल आडवा स्नायू आवळला जातो. कण्याची तयारी आधी होते, हालचाल नंतर.

प्लँकमध्ये हेच काम न हलता करायचे असते. कोपरे खांद्यांच्या खाली, पायांची बोटे जमिनीवर, आणि टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत. पहिली काही सेकंदे सोपी जातात, कारण मेंदू आधी लहान चेतातंतूंच्या अखत्यारीतले, लवकर न थकणारे स्नायुतंतू कामाला लावतो. ते दमू लागले की क्रमाने मोठे आणि ताकदवान गट जुंपले जातात. लहानांकडून मोठ्यांकडे जाणारा हा क्रम अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी मांडला. मोठे गट ताकद भरपूर देतात, पण लवकर थकतात, आणि त्यांचे काम लहान गटांइतके एकसारखे होत नाही. अर्ध्या मिनिटानंतर पोटाला आणि मांड्यांना सुटणारी थरथर मुख्यतः यातून येते. ती दुबळेपणाची खूण नसते. राखीव कुमक मैदानात उतरल्याचे ते लक्षण आहे, आणि ताकद वाढवायची तर ही कुमक कधीतरी उतरावीच लागते.

जळजळीचे कारण निराळे. सतत आवळलेल्या स्नायूत आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा आवळला जातो. ऑक्सिजन कमी पडतो, ऊर्जानिर्मितीतून सुटणारे आम्लकण आणि इतर द्रव्ये साचत जातात, आणि स्नायूतील बारीक संवेदी तंतू ही खबर मेंदूला देतात. लॅक्टिक अॅसिड दिवसेंदिवस अंगात साचून राहते, ही जिममध्ये अजूनही ऐकू येणारी समजूत खरी नाही. व्यायामात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते, आणि हृदयासह अनेक अवयव ते इंधन म्हणून वापरतात. प्लँक सोडल्यावर जळजळ काही क्षणांत ओसरते, कारण रक्त पुन्हा वाहू लागते. ती अशी पटकन ओसरते, यावरूनच ती इजेची खूण नाही हे ओळखता येते.

याच मिनिटात आणखी एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे श्वास. श्वासपटल श्वासोच्छ्वासासाठी लागते आणि कण्याला आधार देण्यासाठीही. त्यामुळे ताण वाढला की नवखा माणूस श्वास कोंडून धरतो. रक्तदाब चढतो, चेहरा लाल होतो, आणि स्नायूंत दम असतानाही घुसमटीमुळे प्लँक सुटतो. संथ, न तुटणारा उच्छ्वास राखणे हा अस्वस्थता कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास कोंडणे टाळावे, आणि असे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत.

दुसऱ्या दिवशीचे दुखणे

गड चढताना धाप लागते. पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या बहुतांशी गड उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. स्क्वॉटमध्ये खाली बसताना, पुश-अपमध्ये छाती जमिनीकडे नेताना किंवा डंबेल सावकाश खाली आणताना हेच घडते. अशा ताणातून स्नायुतंतूंच्या सूक्ष्म रचनेत बिघाड होतो, पाठोपाठ दाह होतो आणि संवेदी तंतू हळवे होतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ साली या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे वर्णन केले आणि त्याचे मूळ स्नायूच्या आतल्या फाटण्यात असावे असे सुचवले. हे दुखणे व्यायामानंतर काही तासांनी सुरू होते, एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचते आणि आठवड्याभरात जाते.

उमेदीच्या दृष्टीने या दुखण्याबाबत दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, तोच व्यायाम एक-दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणे पुष्कळ कमी होते. पहिल्या खेपेचे हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्यामुळे पहिला आठवडा हा पुढच्या आठवड्यांचा नमुना नसतो. पहिल्या दिवसाच्या दुखण्यावरून व्यायाम आपल्याला झेपणार नाही असे ठरवणारा माणूस सर्वांत वाईट दिवसावरून निकाल देत असतो. दोन, अंग किती आंबले यावरून व्यायाम किती लागू पडला हे ठरत नाही. जुना सराव असलेल्याचे अंग फारसे दुखत नाही, तरीही त्याची ताकद वाढत असते. दुखले नाही म्हणजे फुकट गेले, असे मानणारे दर आठवड्याला व्यायाम बदलत राहतात आणि कशातच पुढे जात नाहीत.

पहिल्याच दिवशी शे-दोनशे बैठका मारण्याची हौस मात्र महागात पडू शकते. स्नायूंचा अतिरेकी नाश झाला तर त्यातली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतात. असह्य दुखणे, सूज आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी अशी लक्षणे दिसली तर तातडीने रुग्णालय गाठावे.

कुठे थांबायचे

सोसायच्या आणि न सोसायच्या दुखण्यांतला फरक जागा, स्वरूप आणि वेळ या तीन खुणांवरून बराचसा कळतो. कष्टाची जळजळ स्नायूच्या मांसल भागात, पसरट आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते, आणि थांबताच कमी होते. इजेचे दुखणे सांध्यात किंवा एका बोटाने दाखवता येईल अशा जागी असते. ते सुईसारखे टोचते, अचानक चमक भरल्यासारखे येते, आणि थांबल्यावरही ठणकत राहते. कमरेतून पायात उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, छातीतले दडपण, चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर तो सेट तिथेच संपतो. इथे नेट लावण्यात शौर्य नाही.

शरीराची ठेवण बिघडणे हीही थांबण्याची खूण आहे. प्लँकमध्ये कंबर झोळीसारखी खाली गेली की भार पोटाच्या स्नायूंवरून कण्यावर सरकतो. घड्याळात सेकंद वाढत असतात, पण व्यायाम केव्हाच संपलेला असतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात कण्याचा दीर्घ अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांची पद्धत याच विचारावर उभी आहे. त्यांनी तीन व्यायाम पुढे आणले: पाठीवर झोपून डोके-खांदे किंचित उचलणे, एका कुशीवरचा साइड प्लँक, आणि हातागुडघ्यांवर राहून विरुद्ध बाजूंचा हात व पाय लांब करणे. प्रत्येक स्थिती दहाएक सेकंद धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. आवर्तने उतरत्या क्रमाने घ्यायची, म्हणजे पहिल्या फेरीत सहा, मग चार, मग दोन. एकूण काम भरपूर होते आणि थकव्याने ठेवण बिघडायची वेळ येत नाही.

प्लँकचे विक्रम याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल स्काली यांनी २०२१ मध्ये साडेनऊ तास प्लँक धरला. २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या जोसेफ शालेक यांनी तो आणखी काही मिनिटांनी मागे टाकला. स्काली यांना लहानपणीच्या दुखापतीपासून डाव्या हातात चेतातंतूंचे कायमचे दुखणे आहे. वेदनेसोबत किती पुढे जाता येते याचा तो विलक्षण दाखला आहे, पण सामान्य माणसाच्या पाठीसाठी तेवढ्या वेळेचे काही प्रयोजन नाही. नीट ठेवणीत अर्धे-पाऊण मिनिट धरता येऊ लागले की वेळ ताणण्यापेक्षा व्यायाम कठीण करणे अधिक फायद्याचे: एक पाय उचलणे, कुशीवर वळणे किंवा एका हातात वजन घेऊन चालणे.

कष्ट मोजण्याची सोय

जे मोजता येते त्याची भीती कमी होते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६०च्या दशकात माणसाला स्वतःला जाणवणारे कष्ट आकड्यात सांगण्याची मोजपट्टी तयार केली. ती ६ पासून २० पर्यंत जाते, कारण आकड्याला दहाने गुणले की तरुण निरोगी माणसाच्या नाडीचा ठोकताळा मिळतो. वजनाच्या व्यायामात आता याहून सोपी रीत रूढ आहे. सेट संपला की स्वतःला विचारायचे, अजून किती रेप्स निघाल्या असत्या? उत्तर दोन किंवा तीन असेल तर सेट योग्य झाला. ताकद वाढण्यासाठी दर सेटला हात टेकेपर्यंत जाण्याची गरज नसते. दोन-तीन रेप्स हातच्या राखूनही ताकद जवळपास तितकीच वाढते आणि थकवा बराच कमी येतो. नवख्यांचा हा अंदाज सुरुवातीला चुकतो. अजून तीन-चार निघाल्या असत्या तिथे त्यांना एकच शिल्लक वाटते. म्हणून अधूनमधून, सुरक्षित व्यायामात आणि कुणी शेजारी उभे असताना, खरी मर्यादा तपासून पाहणे उपयोगी ठरते.

भार हळूहळू वाढवण्याचे शास्त्रही मोजमापातूनच आले. दुसऱ्या महायुद्धात गुडघ्याला आणि मांडीला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी विश्रांतीऐवजी वजने दिली आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवली. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आजचे तीन सेट, दहा रेप्स हे गणित पुष्कळ अंशी त्यांच्या पुढच्या कामातून रुळले. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसालाही चालेल अशा मापाने सुरुवात, आणि जमले की थोडीशी वाढ, एवढेच त्याचे सार.

मन आधी थांबते

स्नायू जिथे थांबतात तिथे त्यांची ताकद खरोखर संपलेली असतेच असे नाही. मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी १९६१ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना दर मिनिटाला हाताने पूर्ण जोर लावायला सांगितले. मागे अचानक पिस्तुलाचा बार काढला, तर जोर सरासरी ७ टक्क्यांनी वाढला. स्वतः ओरडत जोर लावला, तर सुमारे १२ टक्क्यांनी. स्नायू तेच होते, फक्त मनाने धरलेला लगाम सैल झाला होता.

उलट दिशेनेही हेच घडते. सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या प्रयोगात दीड तास एकाग्रतेचे काम करून आलेल्या लोकांनी सायकलवर लवकर हार मानली. हृदय आणि फुप्फुसे नेहमीसारखीच चालत होती. कष्ट तेवढे जास्त वाटत होते. दिवसभराच्या कार्यालयीन कामानंतर, लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचलेल्या माणसाला सोपा प्लँक जड का वाटतो, याचे एक कारण इथे सापडते. एकदाच उचलायच्या वजनावर मानसिक थकव्याचा परिणाम फारसा होत नाही. तग धरण्याच्या व्यायामावर जास्त होतो. ज्यांना संध्याकाळखेरीज सवड नाही, त्यांनी लांब धरायच्या स्थितींऐवजी छोटे सेट घेणे म्हणूनच सोयीचे.

स्वतःशी बोलण्याचाही उपयोग होतो. २०१४ च्या एका अभ्यासात दोन आठवडे ठरावीक वाक्यांचा सराव केलेल्या लोकांनी सायकलवर सुमारे १८ टक्के जास्त वेळ तग धरला. वाक्ये त्यांनी स्वतः निवडलेली, छोटी आणि कठीण क्षणासाठी राखून ठेवलेली होती. ‘मी महान आहे’ यापेक्षा ‘अजून पाच श्वास’ किंवा ‘कंबर वर’ अशी कामाची सूचना वजनाच्या व्यायामात जास्त चालते, कारण ती लक्ष जळजळीवरून ठेवणीकडे नेते. संगीताने हलक्या आणि मध्यम व्यायामात कष्ट कमी जाणवतात. भार कमाल मर्यादेजवळ गेला की शरीराचा आवाज गाण्याला दाबून टाकतो, आणि तिथे श्वास व ठेवण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

न सुटणारी आखणी

सुरुवातीच्या दिवसांत माणूस आरशात बदल शोधतो आणि निराश होतो. तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डीव्रीस यांनी १९७९ मध्ये दाखवले की, पहिल्या काही आठवड्यांतली ताकदीची वाढ मुख्यतः मेंदू आणि चेतातंतूंच्या सुधारलेल्या कामगिरीमुळे होते; स्नायूंचा आकार वाढण्याचा वाटा नंतर मोठा होतो. म्हणजे बदल पहिल्या पंधरवड्यातच होत असतो, पण तो दिसतो व्यायामाच्या नोंदी ठेवलेल्या वहीत. सोमवारी आठ रेप्स, गुरुवारी नऊ. मागच्या आठवड्यात वीस सेकंदांनी कंबर झुकली, या आठवड्यात तिसाव्या सेकंदाला. अल्बर्ट बांडुरा यांच्या मांडणीनुसार आपल्याला हे जमेल हा विश्वास सर्वांत बळकट होतो तो स्वतः जमवलेल्या गोष्टींमुळे. वही त्या गोष्टींचा पुरावा जपते.

सेटचा क्रम आठवणीवर परिणाम करतो. पंधरा मिनिटांच्या सायकलिंगवरच्या २०१६ च्या एका अभ्यासात एका गटाचा ताण चढत गेला, दुसऱ्याचा उतरत गेला. एकूण काम सारखेच, पण उतरत्या गटाला व्यायाम नंतर आठवताना जास्त सुखद वाटला, आणि पुढच्या वेळीही तो सुखद जाईल असे वाटले. ताकदीच्या व्यायामात याचा अर्थ सरळ आहे: जड उचल आणि कठीण कोअर आधी, हलके काम शेवटी. मॅकगिल यांची उतरती आवर्तने पाठीसाठी आखलेली असली तरी मनालाही तीच मानवतात.

सोबतीचा परिणाम मोजता येण्याइतका मोठा असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो क्योलर यांनी १९२०च्या दशकात बर्लिनच्या नौकापटूंवर वजन उचलण्याचे प्रयोग केले आणि पाहिले की, जोडीत काम करताना कमी ताकदीचा माणूस एकट्याने करतो त्याहून जास्त वेळ नेट धरतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातील डेबोरा फेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच प्लँकवर तपासले. पडद्यावरचा जोडीदार आपल्यापेक्षा थोडा सरस आहे असे भासवल्यावर लोकांनी सुमारे २४ टक्के जास्त वेळ तग धरला. जोडीदार थोडाच सरस असलेला बरा. फार पुढचा असला की तुलनाच निरर्थक होते.

महाराष्ट्रातील तालमींनी ही व्यवस्था शास्त्रीय नाव न देता शतकानुशतके चालवली. पहाटेची ठरलेली वेळ, एकच जागा, मोठ्याने मोजलेले जोर आणि बैठका, शेजारी थोडा पुढे गेलेला गडी, आणि नव्या पोराला आज किती मारायचे हे ठरवणारा वस्ताद. व्यायाम करू की नको, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभाच राहत नसे. शहरातल्या एकट्या माणसाला हे घरी उभे करता येते. ‘वेळ मिळाला की करीन’ याऐवजी ‘सोमवार, बुधवार, शुक्रवारी चहाआधी, हॉलमधल्या चटईवर’ असे वेळ आणि जागेसह ठरवल्याने संकल्प कृतीत उतरण्याची शक्यता वाढते, असे पीटर गोल्विट्झर यांचे संशोधन सांगते.

सवय जडायला एकवीस दिवस लागतात हा आकडा लोकप्रिय असला तरी पक्का नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा फरक पडला नाही, हा त्यातला दिलासा देणारा भाग.

खंड पडल्यावर

लग्नसराई, परीक्षा, आजारपण, पावसाळ्यातला ताप यांमुळे खंड पडतोच. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी घटत नाही, आणि घटलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते. उमेद मोडते ती बहुधा परतीच्या पहिल्या दिवशी, जुनेच वजन उचलण्याच्या हट्टाने. अंग पुन्हा आंबते, दोन दिवस जिना उतरवत नाही आणि दुसरा खंड सुरू होतो. परतताना पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मे सेट आणि हलके वजन घ्यावे, दर सेटला तीन-चार रेप्स शिल्लक ठेवाव्यात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वहीतल्या जुन्या आकड्यांकडे जावे. ताप असताना व्यायाम टाळावा. मोठ्या आजारानंतर, बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर कोअरचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करावेत, कारण अशा वेळी श्रमाची जळजळ आणि इजेचे दुखणे यांतला फरक स्वतःला ओळखणे अवघड जाते.